विशेष दोष आढळला नाही

जेल रोडला, मोबाइलच्या दुकानांवरच्या मजल्यावर
बावीस वर्षं मी पोटं टाइप करते आहे.
डॉक्टर पडद्याआडून सांगतात,
थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत, मापं मिलिमीटरमध्ये.
गर्भाशय पुढे झुकलेलं.
डावा बीजकोश ठीक.
उजवा, गॅसमुळे, नीट दिसला नाही.

बाहेर बाकावर बायका,
लिटरभर पाणी पिऊन, गुडघ्याला गुडघा घट्ट.
मशीनला भरलेलं मूत्राशय लागतं
आणि नंबर लागायला दीड तास.
कळ काढा जरा, मावशी, मी म्हणते.
मराठी असली तर हसते.
दुसरं काय केलंय गं जन्मभर?

डॉक्टर त्यांना फळांत समजावतात.
लिंबाएवढी. चिकूएवढी.
सांवेरच्या एका बाईला म्हणाले, खरबूज समझो.
तिनं पदर सारखा केला, विचारलं,
पकेगा क्या, साब?

मागच्या थंडीत एक मुलगी आली,
एकोणीसची, भंवरकुआँच्या कुठल्याशा होस्टेलातली.
मैत्रीण सांगत होती, रात्री सराफ्यात गराडू खाल्ले, तेच बाधले.
चेहरा चुन्यासारखा. आणि हात पोटावर नाही,
खांद्यावर.
खांदा का धरलायस, मी विचारेपर्यंत
ती बाकावरून घसरली.
त्या दिवशी आतून मापं आलीच नाहीत.
फक्त: स्ट्रेचर. एमवाय. अभी.
गर्भ नळीत रुजलेला, नळी फुटलेली.
गराडूंचं नाव मग कुणी काढलं नाही.
मार्चमध्ये ती पेढे घेऊन आली, कसल्याशा परीक्षेचे,
काउंटरवर पुडा ठेवला
आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली.

माझं म्हणाल तर
खुर्चीच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी,
ड्रॉवरमध्ये, स्टेपलरमागे, गोळ्यांची पट्टी.
तीनदा मीही झोपले त्या टेबलावर. थंडगार जेली.
तीनदा उठले, ओढणी सावरली,
आणि माझा रिपोर्ट मीच टाइप केला.
शेवटची ओळ तर टाइपही करावी लागत नाही,
एक कळ दाबली की येते, इंग्रजीत.
मराठी मी मनात करते:
विशेष दोष आढळला नाही.

नवरा म्हणाला, बघ.
सासूबाई म्हणाल्या, आम्हाला तीन दिवस बाहेर बसवायचे,
निदान पाठ टेकायला मिळायची.
मीसुद्धा म्हणाले, मशीन कशाला खोटं बोलेल?

त्रेचाळिसाव्या वर्षी ऋजुता पळशीकर भेटली,
गीता भवनजवळ, नवाच दवाखाना, भिंतींना रंगाचा वास.
तिनं कुठे दुखतं ते विचारलंच नाही.
कधी दुखतं, म्हणाली. शौचाला बसताना?
नवऱ्याजवळ जाताना?
मी खिडकीकडे पाहिलं. खाली कुणी स्कूटरला
किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.
हो, म्हणाले. दोन्ही.

बेंबीतून दुर्बीण घातली.
नंतर तिनं फोटो दाखवले:
काळपट ठिपके, पोह्यांत मोहरी करपावी तसे,
आणि आतडं गर्भाशयाला चिकटलेलं,
ओल्या पापडाला पापड चिकटतो तसं.
सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसत नाही, ती म्हणाली.
मी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.
मला रडू आलं नाही. राग आला,
तोही कुणाचा ते ठरेना.
डॉक्टरांचा? त्यांनी दिसलं तेवढं सांगितलं.
त्या कळीचा? ती माझ्याच बोटाखाली.

दुसऱ्या महिन्यात कामावर परत.
ओळ तीच आहे. बदलायचा मला हक्क नाही.
पण पाकिटात रिपोर्ट घालताना हल्ली मी हळूच विचारते,
कब दुखता है? कितने साल से?
बहुतेक जणी आधी बाथरूम कुठे ते विचारतात.
मी बोट दाखवते. त्या पळतात.
परत आल्यावर काही जणी पाकीट घेऊन निघून जातात.
काही जणी स्टूल ओढतात.